तीन चांदण्या दिसल्या की दिवस संपतो: ज्यू पंचांग, आपल्या पंचांगाच्या शेजारी ठेवून

मागच्या वर्षी सप्टेंबरात आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, "आज ज्यू लोकांचं नववर्ष, ५७८६ सुरू". तारीख होती २२ सप्टेंबर. तासाभरात दुसऱ्यानं टाकलं, चुकलात, २३ ला आहे. तिसरा म्हणाला २३ आणि २४ असं दोन दिवस असतं. चौथ्यानं विचारलं अरे २०२४ मध्ये तर ऑक्टोबरात होतं ना, मग यांचं दरवर्षी बदलतं की काय, आणि तिथून विषय नेहमीसारखा पेट्रोलवर गेला. गंमत म्हणजे चौघांचंही बरोबर होतं.

यंदा परत हेच होणार. ५७८७ वं वर्ष ११ सप्टेंबर २०२६ ला की १२ ला, यावरून. म्हणून आधीच लिहून ठेवतो. आणि घाबरू नका, स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं मराठी कॅलेंडर ज्याला वाचता येतं त्याला ज्यू पंचांग बारा आणे आधीच येत असतं. उरलेले चार आणे म्हणजे शनिवार, त्याच्याकडे येऊच.

## दिवस कधी सुरू होतो इथूनच घोळ

आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, सरकारी तारीख मध्यरात्री बदलते आणि ज्यू दिवस बदलतो सूर्यास्ताला. बायबलच्या पहिल्याच अध्यायात "संध्याकाळ झाली, सकाळ झाली, पहिला दिवस" असा क्रम आहे, त्यावरून हे आलं. म्हणजे आपण ज्याला शुक्रवारची संध्याकाळ म्हणतो तो त्यांच्या हिशोबानं शनिवार, म्हणूनच कुठलाही ज्यू सण बातमीत दोन तारखांना दिसतो, आदल्या संध्याकाळी लागला आणि दुसऱ्या दिवशी पाळला. २२ की २३ चा वाद एवढ्यावरच मिटला.

शनिवारला म्हणतात शब्बाथ, कामबंदीचा दिवस. हे मला पुस्तकातून नाही, अलिबागला आजोळी कळलं. इस्राएल आळीतल्या, म्हणजे तिथल्या ज्यू वस्तीतल्या, एक मावशी आजीच्या मैत्रीण होत्या. शुक्रवारी दुपारपासून त्यांची नुसती धावपळ, दोन दिवसांचं जेवण उरकायचं, काळ्या मनुका भिजत घालून त्याचं सरबत करायचं (प्रार्थनेला द्राक्षारस लागतो, कोकणात तो कुठून आणणार, म्हणून मनुकांचं सरबत), आणि सूर्य बुडायच्या आत दिवा लावायचा. त्यानंतर विस्तव पेटवायचा नाही. शनिवारी दिवेलागणीला त्या मागच्या पडवीत येऊन आम्हा पोरांना हाक मारायच्या, "बघ रे, तीन चांदण्या दिसल्या का?" आम्हाला त्यात भारी मजा यायची, पावसाळ्यात तर ढगांमुळे भांडणं व्हायची की ती चांदणी होती का विमान होतं. तीन दिसल्या की शनिवार संपला आणि त्यांचा स्टो पेटला. आता छापील वेळापत्रकं असतात, फोनवर ॲप असतं, पण नियम तोच, तीन चांदण्या.

## चंद्राचा महिना, सूर्याचं वर्ष

आता महिना. ज्यू महिना चंद्रावर चालतो, अमावस्येनंतरच्या कोरीपासून पुढच्या कोरीपर्यंत. म्हणजे आपला अमान्त महिनाच की, महाराष्ट्रात चालतो तसा. चंद्राची एक फेरी साधारण साडेएकोणतीस दिवसांची असल्यामुळे महिने कधी २९ चे कधी ३० चे. असे बारा महिने झाले की ३५४ दिवस होतात. सूर्याचं वर्ष ३६५ चं. दरवर्षी ११ दिवसांची खोट.

ही खोट तशीच सोडून दिली की काय होतं ते आपण रमजानच्या बाबतीत बघतो. इस्लामी वर्ष शुद्ध चंद्राचं आहे, त्यामुळे रमजान कधी थंडीत कधी मे महिन्यात, सगळ्या ऋतूंतून फिरत राहतो. ज्यूंना ते चालणार नव्हतं कारण पेसाह हा सण (इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा) वसंतातच आला पाहिजे अशी धर्मग्रंथाची आज्ञा आहे. मग उपाय काय? तोच जो आपल्याकडे आहे. अधिक मास. १९ वर्षांत ७ वेळा एक जादा महिना घालायचा. १९ सूर्यवर्षं आणि २३५ चांद्रमहिने जवळपास बरोबरीत येतात हे बाबिलोनी लोकांनी फार पूर्वी ओळखलं होतं, आणि ज्यू महिन्यांची आजची नावं, निसान, तम्मूझ, एलूल, तिश्री, अदार वगैरे, तीही बाबिलोनचीच.

फरक कुठे आहे बघा. आपला अधिक मास फिरता. ज्या चांद्रमहिन्यात सूर्याची संक्रांत येत नाही तो अधिक, म्हणून २०२३ ला अधिक श्रावण होता आणि २०२६ ला अधिक ज्येष्ठ. ज्यूंचा अधिक महिना कायम एकच, अदार, म्हणजे आपला साधारण माघ-फाल्गुन. आणि वर्षंही ठरलेली, १९ च्या चक्रातलं ३, ६, ८, ११, १४, १७ आणि १९ वं. ज्यू सालाला १९ नं भागा, ५७८७ मध्ये बाकी ११ उरते, म्हणजे येणारं वर्ष तेरा महिन्यांचं. आपल्यासारखंच पहिला अदार अधिक आणि दुसरा निज, सण निज महिन्यात. फक्त जावयाला धोंड्याला बोलवायची भानगड त्यांच्यात नाही.

हा अधिक महिना दोघांनी वेगवेगळ्या वेळी घातला की काय होतं ते याच दोन वर्षांत दिसतंय. २०२५ ला ज्यू नववर्ष घटस्थापनेच्या संध्याकाळी लागलं. २०२६ ला आपण मे-जूनमध्ये अधिक महिना घालून मोकळे झालो, ते अजून थांबलेत, त्यांचा अधिक अदार येणार २०२७ च्या फेब्रुवारीत. त्यामुळे यंदा त्यांचं नववर्ष नवरात्राला नाही तर भाद्रपदाच्या प्रतिपदेला, गणपतीच्या दोन दिवस आधी. ग्रुपवरच्या चौथ्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर हेच, नववर्ष इंग्रजी कॅलेंडरवर हलतं पण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पट्ट्याबाहेर जात नाही.

## तारखा जुळतात हा योगायोग नाही

हे कळल्यावर मी एकदा दोन्ही पंचांगं शेजारी ठेवून बसलो होतो, वेळ होता तेव्हा. पुरिम म्हणून त्यांचा एक सण आहे, पर्शियाच्या दरबारातल्या हामान नावाच्या दुष्ट वजिराचा डाव एस्तेर राणीनं उधळला त्याचा, वेष काय बदलतात, दंगा काय करतात, हामानचं नाव वाचलं की सगळे मिळून आरडाओरडा. हा येतो अदार १४ ला. २०२५ मध्ये १३ मार्चला आपली होळी होती आणि त्याच संध्याकाळी पुरिम लागला. २०२४ ला दोन्ही २४ मार्च. २०२३ ला ६ मार्चला होळी, त्याच संध्याकाळी पुरिम. पेसाह लागतो निसानच्या पौर्णिमेला, २०२५ ला तो हनुमान जयंतीच्या संध्याकाळी लागला. सुक्कोथ म्हणजे मांडवांचा सण, तिश्रीची पौर्णिमा, २०२५ ला लागला ६ ऑक्टोबरला, कोजागरीच्या रात्री.

यात गूढ काही नाही, कोणी कोणाचं चोरलेलं नाही. चंद्र एकच आहे आणि ऋतू सांभाळायची धडपडही एकच. सणासाठी पौर्णिमा निवडायचं कारणही सरळ, वीज नसलेल्या जगात रात्रभर जागायचं तर उजेड हवा.

## वर्ष सातव्या महिन्यात का सुरू होतं?

हा प्रश्न हमखास येतो. महिन्यांची मोजणी निसानपासून, म्हणजे वसंतापासून, आणि नववर्ष मात्र सातव्या महिन्याला, तिश्रीला. विचित्र वाटतं ना. पण आपल्याकडे गुढीपाडव्याला नवं वर्ष, व्यापाऱ्याच्या चोपड्या दिवाळीत, सरकारचं वर्ष एप्रिलला आणि शाळेचं जूनला. त्यांच्या जुन्या ग्रंथात, मिश्नात, चक्क चार नववर्षं दिली आहेत, एक राजांच्या कारकिर्दीची वर्षं मोजायला, एक जनावरांच्या दशांशासाठी, एक सालाचा आकडा बदलायला आणि एक झाडांचं. हे झाडांचं नववर्ष शेवात महिन्याच्या पौर्णिमेला येतं, आणि आपल्या रायगडातल्या ज्यूंनी त्याला स्वतःचं रूप दिलं, त्या दिवशी एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याचा उरूस. ताटात गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची आणि वर फळं, याला मलिदा म्हणतात. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, एलियाहूच्या रथाच्या खुणा त्यावर उमटल्या आहेत अशी श्रद्धा, तिथे आजही मलिद्याची ताटं जातात. जगात दुसरीकडे कुठे ज्यू लोक पोह्यांवर प्रार्थना म्हणत असतील असं मला वाटत नाही.

## आता तो शनिवार

सूर्य आणि चंद्राचं जमवून झालं, तरी तिसरा एक जण दारात उभा असतो आणि त्याचं सगळ्यांना ऐकावं लागतं.

शनिवारी विस्तव नाही, स्वयंपाक नाही, अंत्यविधी नाही. नववर्षाचा पहिला दिवस धरून दहाव्या दिवशी येतो योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, साधारण पंचवीस तासांचा निर्जळी उपास, त्या दिवशीही हेच सगळे नियम. आता समजा योम किप्पूर शुक्रवारी आला किंवा रविवारी आला. शनिवार धरून सलग दोन दिवस चूल बंद, घरात कोणी गेलं तर दोन दिवस दफन नाही, तेही पश्चिम आशियातल्या उन्हात. म्हणून ठरवलं की असं होऊच द्यायचं नाही. मग नऊ दिवस मागे जाऊन नववर्षच बुधवारी किंवा शुक्रवारी येऊ द्यायचं नाही. रविवारीही नाही, कारण मग सुक्कोथचा सातवा दिवस शनिवारी पडतो आणि त्या दिवशी फांद्या जमिनीवर आपटायचा विधी असतो तो शनिवारी करता येत नाही. म्हणजे रविवार, बुधवार, शुक्रवार हे तीन वार नववर्षाला बंद.

२०२७ चं उदाहरण घ्या. गणितानं नवा चंद्र येतो गुरुवारी ३० सप्टेंबरला संध्याकाळी, म्हणजे ज्यू शुक्रवार लागल्या लागल्या. शुक्रवार चालत नाही, म्हणून नववर्ष ढकललं शनिवारवर, २ ऑक्टोबर, गांधी जयंतीला. आणि हे ढकललेले दिवस भरून काढायचे कुठे, तर हेश्वान आणि किस्लेव हे दोन महिने त्यासाठी लवचीक ठेवलेत, गरजेप्रमाणे २९ किंवा ३० चे. त्यामुळे साधं ज्यू वर्ष ३५३, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं आणि अधिक महिन्याचं ३८३, ३८४ किंवा ३८५ चं. येणारं ५७८७ पूर्ण ३८५ चं आहे.

लग्नाचा हॉल मिळत नाही म्हणून मुहूर्त पुढेमागे करतात ना, तसंच हे, फक्त हॉलच्या जागी शनिवार.

## मग दोन-दोन दिवस सण कशाला?

हे मला सगळ्यात आवडतं. पूर्वी गणित नव्हतं, जेरुसलेमात साक्षीदार यायचे, आम्ही कोर पाहिली म्हणून सांगायचे, न्यायमंडळ त्यांची उलटतपासणी घ्यायचं (कोर कुठल्या बाजूला होती, किती उंच होती) आणि मग महिना जाहीर. ही बातमी लांब पोचवायला डोंगरांवर जाळ पेटवायचे, एका डोंगरावरचा जाळ बघून पुढच्या डोंगरावर. मग विरोधी पंथाच्या लोकांनी मुद्दाम खोटे जाळ पेटवायला सुरुवात केली. फेक न्यूज म्हणजे काही आजची नाही. शेवटी जाळ बंद करून माणसं पाठवायला लागले, पण माणूस पोचेपर्यंत सण येऊन ठेपायचा. म्हणून परदेशातल्या ज्यूंनी ठरवलं, शंका नको, मोठे सण दोन दिवस पाळू.

पुढे चौथ्या शतकात ठरीव गणित आलं, परंपरा त्याचं श्रेय दुसऱ्या हिल्लेलला देते, आणि शंका संपली. सवय मात्र राहिली. आजही इस्राएलमध्ये पेसाह सात दिवसांचा आणि बाहेर आठ. नववर्ष तेवढं इस्राएलमध्येही दोन दिवस, कारण ते महिन्याच्या पहिल्याच तारखेला येतं, साक्षीदार येईपर्यंत जेरुसलेमातल्या माणसालाही कळत नसे आजच आहे का उद्या. योम किप्पूर मात्र एकच. दोन दिवस निर्जळी कोण करणार.

## कोकणातली नावं

आपल्याकडचे बेने इस्राएल, नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागलेल्या सात पुरुष आणि सात बायकांचे वंशज अशी त्यांची परंपरा, कित्येक शतकं रायगडच्या गावांत तेल गाळत राहिले. शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. हिब्रू पुस्तकं नाहीत, धर्मगुरू नाहीत, तरी सण टिकले, आणि नावं अस्सल मराठी. नववर्ष म्हणजे नव्याचा सण. त्यानंतर खिरीचा सण. योम किप्पूरला दारफाळणीचा सण, दारं लावून घरात बसायचं म्हणून, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. पुरिमला सरळ होळीचा सण. पेसाहला आंबवलेलं खायचं नसतं, म्हणून आंबट कालवणाचं मडकं झाकून ठेवायचं, त्यावरून अनाशी ढाकाचा सण. एलूल या प्रायश्चित्ताच्या महिन्याला शेजारच्या मुसलमानांकडून घेतलेलं नाव, रमजान. जेरुसलेमचं मंदिर दोनदा पडलं, इ.स.पू. ५८६ ला आणि इ.स. ७० ला, त्या शोकाच्या उपासाला बिरड्याचा रोजा, कारण उपास सोडताना वालाचं बिरडं. रायगडचा माणूस दुःखातसुद्धा बिरडं विसरत नाही एवढंच मी म्हणेन.

एक सण मात्र त्यांच्या जुन्या यादीत नव्हता असं सांगतात, हनुका, आठ दिवस दिवे लावायचा. हनुका आहे इ.स.पू. १६४ चा, मंदिर परत ताब्यात घेतल्याचा. त्यावरून पूर्वज त्याआधीच निघाले असावेत असा तर्क लढवतात. मला तो थोडा ओढूनताणून वाटतो, यादीत नाही म्हणजे माहीत नव्हताच असं कशावरून, मधल्या काळात विसरलाही गेला असेल. पुढे तोही आला. १८७४ ला पुण्यात पेसाहच्या विधीचं मराठी-हिब्रू पुस्तक छापलं गेलं, त्यातल्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका बिनआंबवलेल्या पोळ्या करताना दिसतात.

जाता जाता, सुक्कोथला हातात चार वनस्पती घ्यायच्या असतात, त्यातलं फळ म्हणजे आपलं महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे तेच.

## ५७८७ म्हणजे जग तेवढंच जुनं?

ही मोजणी सृष्टीच्या निर्मितीपासून आहे, बायबलमधल्या वंशावळींतली वयं एकाला एक जोडून काढलेली. बरेच ज्यू स्वतःच ती शब्दशः घेत नाहीत. आपण शालिवाहन शक लिहितो तेव्हा शालिवाहनाचा विचार करतो का, तसं. हिशोब सोपा, नववर्षाआधी इंग्रजी सालात ३७६० मिळवा, नंतर ३७६१.

## आणि हे गणित अचूक आहे का?

चंद्राच्या बाजूनं थक्क व्हावं इतकं. महिना २९ दिवस १२ तास ४४ मिनिटं आणि साधारण सव्वातीन सेकंद धरलाय, खऱ्या सरासरीपासून फरक सेकंदाच्याही आत. सूर्याच्या बाजूनं जरा ढिलं, दोन-सव्वादोनशे वर्षांत एक दिवस मागे पडतं, म्हणजे पेसाह हळूहळू उन्हाळ्याकडे सरकतोय. दुरुस्त करायचं तर सगळ्यांना मान्य असं न्यायमंडळ हवं, ते आता नाही. आपलं पंचांगही सरकतंय, संक्रांत उत्तरायणाच्या खऱ्या दिवसापासून तीन आठवडे लांब गेलीये, तेव्हा हसू नये.

## रोजच्या जगण्यात कुठली तारीख?

ऑफिस, बँक, विमानाचं तिकीट सगळं इंग्रजीवर. सण, वर्षश्राद्ध, मुलाचा तेराव्या वर्षीचा संस्कार हे हिब्रू तिथीवर. अधिक महिना आला की मजा येते, एक मूल २० पहिल्या अदारला जन्मलं आणि दुसरं त्यानंतर दोन आठवड्यांनी ५ दुसऱ्या अदारला, तर साध्या वर्षी एकच अदार असल्यामुळे धाकट्याचा वाढदिवस आधी आणि थोरल्याचा नंतर.

तारीख की तिथी ही ओढाताण शिवजयंतीमुळे आपल्याला नवी नाही. इस्राएलचा स्वातंत्र्यदिन १४ मे १९४८ चा, पण पाळतात ५ इय्यारला, आणि त्यातही शनिवार जवळ आला की एखाददोन दिवस सरकवतात. १९७३ चं युद्ध योम किप्पूरला सुरू झालं म्हणून नावच तिथीचं पडलं. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्याचं उलटं झालं. त्या दिवशी शनिवार होता आणि सुक्कोथच्या शेवटचा आनंदाचा सण, तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, घेऊन नाचायचा. जगानं तारीख लक्षात ठेवली. गेलेल्यांच्या घरच्यांना मात्र त्यांच्यासाठी दिवा लावायचा दिवस आणि नाचायचा दिवस एकच झालाय, आणि तिथी तर बदलता येत नाही.

## तर यंदा नववर्ष कधी?

शुक्रवार ११ सप्टेंबरला सूर्यास्ताला लागेल. सफरचंदाची फोड मधात बुडवून खातील. नववर्षाला मेंढ्याचं शिंग फुंकायचं असतं, शोफार, त्याशिवाय नववर्ष झाल्यासारखं वाटत नाही, पण पहिला दिवस नेमका शनिवार पडलाय आणि बहुतेक ठिकाणी शनिवारी शिंग फुंकत नाहीत. म्हणून अलिबागच्या आजोळी असाल तर कान ठेवा रविवारी सकाळी, १३ तारखेला, गणपतीच्या आदल्या दिवशी. मखराची हातोडी आणि मांडवातला माईक टेस्टिंग यातून ऐकू आलं तर.